लांब शेपटीची गाडी

आमच्या घरी कोणी नवीन माणूस आलं, की आई आधी त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, त्याने चपला कुठे काढल्या तिकडे बघायची. पायरीखाली काढल्या तर हा काहीतरी मागायला आलाय, पायरीवर काढल्या तर काहीतरी गळ्यात मारायला आलाय, आणि पायात ठेवूनच आत आला तर त्याला चहा नाही, असा तिचा ठोकताळा. बाबांचं नेमकं उलटं होतं. जो कोणी त्यांना नावापुढे राव लावून हाक मारेल, तो त्यांचा माणूस. एका छपराखाली ही दोघं इतकी वर्षं कशी राहिली याचं मला आजही नवल वाटतं. मी चेहऱ्याने बाबांवर गेले, पण स्वभावाने आईवर, आणि या प्रकरणात जे घडलं ते त्या स्वभावामुळेच घडलं.

बाबा फायबरचं काम करायचे. महाडच्या एमआयडीसीत ॲसिडच्या टाक्या घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथलं कंत्राट संपल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि पाण्याच्या टाक्या, ट्रकच्या कपाळावरचे छज्जे, मोटारसायकलींचे फुटके मडगार्ड असं पडेल ते काम घ्यायला सुरुवात केली. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठाकडे. वारा नदीकडून आला की शेडमधला रेझिनचा उग्र वास थेट चुलीपर्यंत यायचा. काचेच्या धाग्यांच्या मॅटची कुसळं अंगात शिरली की दिवसभर खाज सुटायची. म्हणून शेड आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये आईने पाण्याचं पिंप ठेवलं होतं, आणि हातपाय धुतल्याशिवाय ती कोणालाही आत घ्यायची नाही. पहाटे कारखान्यांचा भोंगा, मग बाबांच्या ग्राइंडरची किंकाळी, आणि या सगळ्याखाली कशेडी घाटाकडे निघालेल्या ट्रकांची न थांबणारी घरघर. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी दुपारी डोंगरात सुरुंग उडाले की फळीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि आई हातातलं काम न सोडता म्हणायची, फोडा, अजून फोडा.

बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं घरात सगळे म्हणत, आणि पुढचं वर्ष आलं की पुन्हा तेच. मी शेडमध्ये बाबांच्या हाताखाली लागले. तांदळाची भाकरी थापून थापून माझ्या बोटांना जाडी कळत होती. कडेला जाड, मध्ये पातळ असं झालं की डोळे मिटूनही समजायचं. बाबा म्हणत की मॅटवर रेझिन बसवतानाही हेच लागतं, आणि हे त्यांना स्वतःला यायला दहा वर्षं लागली. असं कौतुक ते आईसमोर मात्र करत नसत.

अशात एका सकाळी रोहन आला. अण्णांचा मुलगा. अण्णा म्हणजे गावच्या वरच्या आळीतले मोठे खोत. नदीपासून रस्त्यापर्यंतची भातशेती त्यांची. रोहन पुण्याला इंजिनिअर झाला होता आणि नोकरी सोडून का कोण जाणे घरी येऊन राहिला होता. त्याने चपला पायरीखाली काढल्या. हातात मोठा खोका होता. त्यातून त्याने हातभर लांबीची रिमोटची गाडी काढली, आणि वरचं पातळ पारदर्शक प्लास्टिकचं कवच उचलून आतली मोटर दाखवली. ही मोटर गाडीला खऱ्या मोटारीपेक्षा जोरात पळवते, पण बाजारातलं हे कवच वेगात फुग्यासारखं फुगतं, नाकाखाली हवा शिरते आणि गाडी उलटून मागे पडते, असं त्याने सांगितलं. त्याला फायबरचं, टणक, जमिनीला चिकटून राहणारं अंग हवं होतं. सरळ रस्त्यावर कोणाची गाडी किती वेगाने गेली याची यादी इंटरनेटवर निघते, देशभरातली पोरं त्यात असतात, आणि त्याला त्या यादीत यायचं होतं.

बाबा लगेच हो म्हणाले. तो गेल्यावर आईने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, पुण्यामुंबईत कारागीर मेले काय? लहानपणी ती अण्णांच्या शेतात लावणीला जायची. तिथे वाडीतल्या बायकांना दुपारी प्यायचं पाणी वरून ओंजळीत ओतत. तिच्या मनातून ती ओंजळ गेली नव्हती. ती मला म्हणाली, "पिंकी, काम कर, पन हात राखून कर. त्या घरातनं गोड बोलनं आलं म्हंजे मागनं कायतरी हाय."

हात राखून करायचं मी ठरवलंही होतं. पण कामच असं होतं की हात राहिला नाही. आधी थर्माकोलचा ठोकळा करवतीच्या पात्याने कापून ढोबळ आकार काढला. त्यावर थेट रेझिन लावलं तर थर्माकोल विरघळतो, म्हणून वर शाडूचा थर दिला आणि मग ओल्या हाताने तो आकार घोटत बसले. नाक इतकं खाली की जमिनीत आणि त्याच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकावं. चाकं पूर्ण झाकलेली. पाठ काचेसारखी सलग. रोहन लॅपटॉपवर आकृत्या दाखवायचा आणि मी त्या बोटांनी वाचायचे. एका रविवारी, वारा अंगावरून कसा जातो ते दिसावं म्हणून, आम्ही त्या मातीच्या आकाराला लोकरीचे वीतभर धागे चिकटवले. बाबांनी आपली जुनी स्कूटर काढली, मी मागे बसून एका फळीवर तो आकार बाहेर धरला, आणि रोहन शेजारून मोटारसायकलवर एका हाताने मोबाइलमध्ये चित्रण करत होता. वाडीतली सगळी माणसं रस्त्यावर आली होती. कोणालाच काही कळत नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं. पण घरी आल्यावर चित्रण हळू करून पाहिलं, तर पुढचे धागे शहाण्यासारखे पाठीला चिकटून होते आणि शेवटचे, शेपटीजवळचे, वेड्यासारखे गरगरत होते.

त्यावरचा उपाय मला नदीवर सापडला. कपडे धुताना मी बघायचे, गोल दगडामागे पाण्याचा भोवरा होतो, तोच अरुंद होत गेलेल्या लांबट दगडामागे होत नाही. मी शेपटी वीतभर वाढवली, निमुळती केली आणि टोकाला सरळ सुरीने भाकरी कापावी तशी कापून टाकली. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या दिल्या, म्हणजे गाडी वाऱ्याने आडवी होणार नाही. रोहनने त्या शेपटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला की पुस्तकात हे असंच आहे, पण तू पुस्तक वाचलेलं नाहीस. त्याला कौतुक करायचं होतं. मला मात्र त्यात दुसरंच काही ऐकू आलं.

त्या दिवसापासून माझ्या मनात किडा शिरला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला माझी वाटत होती. आणि तो तिचे सारखे फोटो काढत होता. नाकाचे, शेपटीचे, आतल्या बाजूचे. मापं घेऊन मोबाइलमध्ये लिहून ठेवत होता. कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, रेकॉर्डला असावं म्हणून. मातीच्या आकारावरून बाबांनी आणि मी फायबरचा साचा काढला. त्या साच्यातून पातळ कापडाच्या दोन थरांत पहिलं अंग निघालं, इतकं हलकं की आईनेसुद्धा ते हातात घेऊन वर खाली केलं. रोहनने दोन दिवसांसाठी साचा मागितला, घरी नीट मोजायचा आहे म्हणाला. मी नाही म्हटलं. साचा शेडबाहेर जाणार नाही, असं तोंडावर सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि न विचारण्यातही मला काहीतरी डाव दिसला. संशयाचं हे असंच असतं. माणूस बोलला तरी तो पोसला जातो आणि गप्प बसला तरी पोसला जातो.

पोलादपूरच्या पुढे नव्या रस्त्याचा एक पट्टा तयार होऊन पडला होता. अजून वाहतुकीला खुला नव्हता, दोन्ही टोकांना पिंपं आडवी लावलेली. रविवारी सकाळी आम्ही तिथे जायचो. पहिल्या खेपेला गाडी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे गेली आणि उलटली नाही. मला आठवतं, ती आमच्या समोरून गेली तेव्हा दिसली नाही, फक्त कापड फाटल्यासारखा आवाज ऐकू आला. बाबा टाळ्या वाजवत होते. मी रोहनकडे बघत होते, तो कोणाला फोन करतोय ते.

नंतर पंधरा दिवस पाऊस लागला आणि काम थांबलं. त्याच दिवसांत एका दुपारी मी पडल्या पडल्या मोबाइलवर असल्याच गाड्यांची चित्रणं बघत होते. पुण्याच्या कुठल्याशा मैदानावर एक लाल गाडी पळत होती. लांब शेपटी, टोकाला सरळ कापलेली, बाजूंना उभ्या पट्ट्या. मी उठून बसले. चित्रण थांबवून बोटांनी मोठं केलं. शेपटीच्या डाव्या अंगाला, पट्टीच्या मुळाशी, एक छोटासा खळगा होता. तो माझ्या अंगठ्याचा होता. शाडू ओला असताना माझा अंगठा तिथे जास्त दाबला गेला होता, आणि ते लक्षात आलं तेव्हा साचा काढून झाला होता. तो आकार कोणी डोळ्यांनी बघून केलेला नव्हता. तो माझ्या साच्यातून निघाला होता. खाली लिहिलं होतं की हे अंग विकत मिळेल.

मी कोणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी काय सांगत होते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. छत्री घेतली आणि सरळ वरच्या आळीत गेले. अण्णांच्या घरी मी त्याआधी कधी ओटीच्या पुढे गेले नव्हते, तेव्हाही नाही गेले. पाऊस थांबला होता. अण्णा ओटीवर बसले होते, रोहनची आई वाल सोलत होती. रोहन आतून आला. मी त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि विचारलं की हे काय आहे. त्याने पाहिलं. चेहरा पांढरा पडला त्याचा, आणि मला वाटलं, पकडला गेला म्हणून पडला. तो म्हणाला की त्याला माहीत नाही. मी म्हणाले, "तुमच्याशिवाय शेडमध्ये कोण आलंय? तुम्ही फोटो काढले, मापं घेतली, साचा मागितला. मी नाय म्हटलं तर चोरून अंग काढून नेलं. चोर तुम्ही हायत."

चारचौघांत नीट बोलायची सवय असूनही रागात माझी वाडीची बोली बाहेर आली, हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं आणि त्याचाही राग आला. अण्णांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "तरी तुला सांगत होतो, त्या लोकांत जाऊन बसू नकोस." रोहनच्या आईचे हात वालावर तसेच थांबले. मी उतरून आले. पायऱ्या उतरताना मला भीती वाटत नव्हती, उलट एक प्रकारचं समाधान वाटत होतं. आई म्हणायची ते खरं निघालं होतं, त्यांनी ते तोंडाने बोलून दाखवलं होतं. आज विचार केला तर वाटतं, त्या समाधानाची मला लाज वाटायला हवी होती, पण लाज पुढे यायची होती.

घरी आले तेव्हा बाबा शेडमध्ये साचा पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, आईलाही ऐकू जाईल असं. ते साचा पुसतच राहिले. मग फडकं बाजूला ठेवून उकिडवे बसले आणि म्हणाले, "रोहनने नाय नेलं गो. मी दिलं."

पाऊस लागायच्या पंधरवडाभर आधी, मी तुडीलला मामाकडे गेले होते तेव्हा, एक माणूस पाण्याच्या टाकीची चौकशी करायला आला होता. पुण्याचा. टाकीबद्दल दोन वाक्यं बोलला आणि मग त्याची नजर साच्यावर गेली. तोही या गाड्यांचा शौकीन निघाला. त्याने बाबांना विचारलं, हे तुम्ही केलंत? बाबा हो म्हणाले. माझी मुलगी, असं म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं म्हणे, पण त्याआधीच तो माणूस म्हणाला, यशवंतराव, तुम्ही कलाकार आहात. पंचवीस वर्षं बाबांनी टाक्या घडवल्या होत्या. त्यांना मिस्त्री म्हणत, फायबरवाला म्हणत, अरे म्हणत. कलाकार कोणी म्हटलं नव्हतं. त्या माणसाने एक अंग काढून मागितलं, आठवण म्हणून. बाबांनी साच्यातून अंग काढून दिलं, आणि वर शेपटी अशी का कापली तेही त्याला समजावून सांगितलं. त्या अंगावरून दुसरा साचा काढायला कितीसा वेळ लागतो, हे बाबांइतकं कोणाला माहीत असणार? पण तेव्हा ते त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आई दारात येऊन उभी होती. मला वाटलं, आता ती बाबांना फाडून खाणार. पण तिने पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं, बाबांच्या हातावर ओतलं आणि म्हणाली की जेवायला चला. त्या दुपारी सुकट होती आणि भाकरी.

बाबांवर मी दोन दिवस रागावले. त्यानंतर राग राहिलाच नाही, कारण मला सारखे रोहनच्या आईचे थांबलेले हात आणि अण्णांचं ते वाक्य आठवत होतं. ते वाक्य अण्णांचंच होतं, त्यांनी ते कधीतरी बोलून दाखवलंच असतं. पण मी त्यांच्या ओटीसमोर जाऊन त्यांना ते आयतं बोलायला दिलं होतं, आणि तेही एका खोट्या आरोपावर. आता आमच्या वाडीबद्दल ती गोष्ट त्या घरात कायम राहणार होती. माफी मागावी तर अण्णा ऐकणार, न मागावी तर रोहन चोर राहणार. चार दिवस मी या दोहोंत अडकून पडले. शेवटी रविवारी सकाळी बाबांची स्कूटर घेऊन एकटीच पोलादपूरच्या पुढच्या पट्ट्यावर गेले. तो आला असेल याची खात्री नव्हती. आला होता. पिंपावर बसून गाडीची चाकं पुसत होता.

मी स्कूटर लावली आणि उभी राहूनच सांगितलं की चूक माझी होती, साच्यातून अंग बाबांनी काढून दिलं होतं, तुम्हाला चोर म्हणायला नको होतं. जास्त काही सुचलं नाही. त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "मला पण एक सांगायचंय. तुमच्या शेडमध्ये गाडी ठेवून जायचो ना, तेव्हा प्रत्येक स्क्रूवर बहिणीच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवायचो. कोणी उघडली तर तडा जाऊन कळावं म्हणून."

मी विचारलं, कधी गेला तडा? तो म्हणाला, कधीच नाही. दर वेळी घरी नेऊन भिंगातून बघायचो, आणि दर वेळी पुन्हा लावायचो.

मला राग यायला हवा होता. तसा आलाही, पण त्याच्याबरोबर हसूही आलं, आणि ती दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली की मी रस्त्याच्या कडेला खालीच बसले. तो हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले. तिकडे त्या घरात बसून तो माझ्यावर पहारा ठेवत होता, इकडे मी त्याच्यावर, आणि आम्हा दोघांच्या पहाऱ्यातून आकार तिसराच माणूस घेऊन गेला होता. लाल गाडीबद्दल त्याने त्या यादीवाल्यांना लिहिलं होतं, पण त्यांचं उत्तर आलं नव्हतं. ते कधी आलंही नाही.

मग आम्ही गाडी रस्त्यावर ठेवली. रस्ता कोरडा होता. मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, कोणी गुरंढोरं मध्ये आणू नये म्हणून. रोहनने आधी हळू नेली, वळवली, आणि परत पळवली. या वेळी मला ती दिसली. पांढरी रेघ ओढल्यासारखी, नाक खाली, शेपटी तसूभरही न हलणारी. ती माझ्याजवळून गेली आणि तिच्यामागून आलेला वारा माझ्या पायांना लागला. आतल्या यंत्राने एकशे त्रेसष्ट दाखवले. देशात पहिला क्रमांक नव्हता तो, पण यादीत वरच्या दहांत बसणारा होता.

तो म्हणाला, घरी चल, आईने चहाला बोलावलंय. बोलावलं असेलही. मी नको म्हटलं, आणि का नको ते त्याने विचारलं नाही. त्या घरी मी नंतरही कधी गेले नाही. यात राग नाही, पण काही गोष्टींवर घाईघाईने पडदा टाकू नये असं मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं.

मग त्याने मोबाइल काढला आणि यादीचा अर्ज भरायला घेतला. गाडी कोणाची, मोटर कुठली, बॅटरी कुठली. त्याखाली एक रकाना होता, अंग कोणी बनवलं. त्याचा अंगठा तिथे थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जरा ओशाळून विचारलं, "तुझं खरं नाव काय गं?" पाच महिने तो आमच्या घरी येत होता, आईच्या हातचा चहा पीत होता, आणि घरातले सगळे पिंकी म्हणतात म्हणून त्यालाही तेवढंच माहीत होतं. क्षणभर मला बाबांचं नाव द्यावंसं वाटलं. मग मी माझं सांगितलं, प्रज्ञा, आणि पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव. त्याने इंग्रजीत स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेले. त्याने टाइप केलं आणि पाठवणार, एवढ्यात मी पुढे वाकून पाहिलं. माझ्या नावातल्या डीच्या जागी त्याने जी घातला होता. मी तो पुसायला लावला आणि बरोबर अक्षर पडेपर्यंत तिथून हलले नाही.